कॅनवर न छापलेला आकडा

३३० मिलिलिटरच्या कोलाच्या कॅनवर साखरेचा आकडा छापलेला असतो. १०० मिलिलिटरमागे साधारण १०.६ ग्रॅम, म्हणजे अख्ख्या कॅनमध्ये ३५ ग्रॅम. सपाट चमचा चार ग्रॅमचा धरला तर पावणेनऊ चमचे. आता त्याच पेयाचा ‘झिरो’ कॅन हातात घ्या. साखर शून्य, कॅलरी जवळजवळ शून्य. घटकांच्या यादीत अगदी शेवटी, डोळे बारीक करून वाचावे लागेल अशा अक्षरांत, ॲस्पार्टेम आणि ॲसिसल्फेम पोटॅशियम ही नावे सापडतात, नाहीतर नुसते ९५१ आणि ९५० हे क्रमांक. किती मिलिग्रॅम? ते कॅन उलटापालटा करूनही कळत नाही. युरोपीय संघात नाही, अमेरिकेतही नाही. तिथला कायदा हा आकडा मागतच नाही.

साखरेच्या शीतपेयांवर कर लावावा की नाही, कृत्रिम स्वीटनर सुरक्षित की घातक, या वादांत दोन्ही बाजूंनी भरपूर आवाज आहे. साखरेवरचा कर मला योग्य वाटतो, का ते पुढे येईलच. पण साखर काढायला भाग पाडायचे आणि तिच्या जागी काय किती घातले हे मात्र विचारायचे नाही, हे अर्धवट काम आहे. लोकांना ‘प्रमाणात घ्या’ असे सांगणाऱ्याने आधी प्रमाण दाखवले पाहिजे.

आधी साखरेकडे पाहू, कारण तिच्याविरुद्धचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मर्यादा सांगितली: मोकळी साखर, म्हणजे वरून घातलेली साखर आणि मध, फळांचे रस यांतली साखर, रोजच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी; जमल्यास पाच टक्क्यांहून कमी. दिवसाला २००० किलोकॅलरी घेणाऱ्या माणसासाठी हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. एक कॅन म्हणजे दुसरी मर्यादा ओलांडली आणि पहिलीचे सत्तर टक्के संपले. फळांचा रस या हिशेबातून सुटत नाही, हे अनेकांना पटत नाही. पण संत्र्याच्या रसात १०० मिलिलिटरमागे आठ-नऊ ग्रॅम साखर असते आणि सफरचंदाच्या रसात कोलाइतकीच.

पण कॅलरी तर जेवणातही असतात, मग पेयावरच राग का? कारण पोट द्रवाची नोंद नीट ठेवत नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकन प्रयोगात १५ जणांना चार आठवडे रोज ४५० किलोकॅलरी जेलीच्या गोळ्यांतून दिल्या आणि वेगळे चार आठवडे तेवढ्याच शीतपेयातून. गोळ्या खाल्ल्या त्या काळात लोकांनी नकळत बाकीचे खाणे तेवढ्याने कमी केले. पेयाच्या काळात केले नाही; जेवण तेवढेच राहिले, वर ४५० किलोकॅलरी जमा झाल्या आणि वजन वाढले. शिवाय ३५ ग्रॅम साखर घन रूपात एका बैठकीत चघळणे कठीण असते, पिणे मात्र पाच मिनिटांचे काम. थंडपणा, वायू आणि आम्ल मिळून गोडी दाबतात. कोला कोमट होऊन त्यातला वायू उडून गेला की तो घशाखाली का उतरत नाही, याचे उत्तर हेच. साखर तेवढीच असते, लपवणारे निघून गेलेले असतात.

साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज. तो मुख्यतः यकृतात जातो, आणि एकदम जास्त आला की त्यातल्या काहीची तिथेच चरबी होते. वाटेत युरिक ॲसिडही वाढते, म्हणून संधिवाताच्या गाऊट या प्रकाराशी शीतपेयांचा संबंध लागतो. ‘मक्याचे सिरप वाईट, उसाची साखर चांगली’ हा लोकप्रिय भेद इथे फारसा टिकत नाही. शीतपेयांत वापरल्या जाणाऱ्या मक्याच्या सिरपमध्ये ५५ टक्के फ्रुक्टोज असते, साखरेत ५०. यकृताला हा पाच टक्क्यांचा फरक कळत असेल असे मानायला फार आशावाद लागतो.

मग स्वीटनर घालून साखर काढली तर प्रश्न सुटला? इथे बहुतेक चर्चा एका जागी घसरते: स्वीटनर चांगले की वाईट असे विचारले जाते, आणि ‘कशाच्या बदल्यात’ हा शब्दप्रयोग गाळला जातो.

नेदरलँड्समध्ये ६४१ मुलांवर १८ महिने एक चाचणी झाली, ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. आधीच गोड पेये पिणाऱ्या या मुलांपैकी निम्म्यांना रोज २५० मिलिलिटर साखरेचे पेय दिले, निम्म्यांना दिसायला आणि चवीला तसेच पण स्वीटनरचे. कोणते कुणाला हे मुलांना माहीत नव्हते. साखरवाल्यांचे वजन सरासरी ७.३७ किलोने वाढले, स्वीटनरवाल्यांचे ६.३५ किलोने. वाढत्या वयाची मुले असल्याने वजन दोन्हीकडे वाढणारच होते. महत्त्वाचा तो मधला किलो. साखरेच्या बदल्यात स्वीटनर आले, कॅलरी कमी झाल्या, वजन कमी वाढले. यात गूढ काही नाही.

पण हजारो लोकांच्या सवयी वर्षानुवर्षे नोंदवणारे अभ्यास उलट सुरात बोलतात: डाएट पेये पिणाऱ्यांत मधुमेह जास्त. २०१५ मध्ये अशा अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले. रोज एक साखरेचे पेय घेणाऱ्यांत टाइप २ मधुमेहाचे प्रमाण १८ टक्के जास्त निघाले. लठ्ठपणाचा परिणाम गणितातून वजा केल्यावर १३ टक्के. स्वीटनरच्या पेयांसाठी पहिला आकडा २५ टक्के होता, आणि वजाबाकीनंतर ८. ही घसरगुंडी नीट पाहिली पाहिजे. साखरेचा आकडा वजाबाकीनंतरही बराचसा टिकतो, स्वीटनरचा दोन-तृतीयांश वितळतो. कारण वजन वाढलेला, साखर सीमेवर आलेला माणूसच डाएट पेयाकडे वळतो. तो आजार घेऊन पेयाकडे आलेला असतो आणि आपण पेयाला धरतो. उरलेले ८ टक्के खरे की वजाबाकीतून निसटलेले, हे असे अभ्यास ठरवू शकत नाहीत.

म्हणून मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ‘वजन आटोक्यात ठेवण्यासाठी स्वीटनर वापरू नका’ असे मार्गदर्शन दिले, तेव्हा ते सशर्त या वर्गात ठेवले. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ते लागू नाही, हे वाक्य बातम्यांत हरवले. संघटनेने गोळा केलेल्या नियंत्रित चाचण्यांत स्वीटनर घेणाऱ्यांचे वजन सरासरी ०.७१ किलोने कमीच भरले होते. पाण्याशी तुलना केली की मात्र चित्र धूसर होते. एका वर्षभराच्या चाचणीत डाएट पेये पिणाऱ्यांचे वजन ६.२१ किलोने उतरले आणि पाणी पिणाऱ्यांचे २.४५ किलोने, तिचा खर्च अमेरिकेतल्या पेय-उत्पादकांच्या संघटनेने केला होता. म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण असा निष्कर्ष दुसऱ्या कुणाच्या पैशावर पुन्हा निघेपर्यंत त्यावर धोरण उभारू नये. (पैशाचा वास दोन्ही बाजूंना आहे. १९६७ मध्ये साखरेवरचे आरोप हलके करणारा एक वैद्यकीय आढावा साखर उद्योगाने पैसे देऊन लिहून घेतला होता. ते २०१६ मध्ये कागदपत्रांसह बाहेर आले.)

माझ्या लेखी याचा व्यवहारातला अर्थ असा. रोज तीन कॅन साखरेचा कोला पिणारा माणूस १०५ ग्रॅम साखर आणि सुमारे ४२० किलोकॅलरी पितो. त्याने डाएट कोला घेतला तर ती सुधारणा आहे, आणि त्याला कर्करोगाची भीती घालून परत साखरेकडे ढकलणे हा अपराध आहे. पण जे मूल पाणी पिते त्याच्या हातात ‘साखर नाही ना, मग काय बिघडते’ म्हणून कॅन देणे यात मिळत काहीच नाही. तीन कॅनवाल्याने पेय पूर्ण सोडायचे ठरवले तर एकदम सोडू नये. एका कोलात तीस-पस्तीस मिलिग्रॅम कॅफिन असते, आणि ते अचानक तुटले की बारा ते चोवीस तासांत डोके दुखू लागते. दुखणे काही दिवस, कधी आठवडाभरही राहते. ‘साखर सोडली म्हणून त्रास होतोय’ असे समजून लोक पुन्हा कॅन उघडतात. रोजच्या कॅनांतून दर आठवड्याला एक कमी करत गेले की हे टळते.

आता कर्करोग. सॅकरिनचा शोध १८७९ चा. १९७७ मध्ये नर उंदरांच्या मूत्राशयात गाठी दिसल्या म्हणून अमेरिकेत त्यावर बंदीचा प्रस्ताव आला, तो इशाऱ्याच्या लेबलवर निभावला. पुढे कळले की भरमसाट मात्रेत सॅकरिन दिल्यावर उंदरांच्या लघवीत कॅल्शियम फॉस्फेटचे खडे तयार होतात आणि ते मूत्राशयाचे अस्तर खरवडतात. माणसाची लघवी तशी नसते. २००० मध्ये सॅकरिन संशयितांच्या यादीतून निघाले. जुलै २०२३ मध्ये ॲस्पार्टेमची पाळी आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला ‘२ ब’ वर्गात, ‘कदाचित कर्करोगकारक’ म्हणून टाकले. हा वर्ग पुरावा किती पक्का हे सांगतो, धोका किती मोठा हे नाही. आणि इथे पुरावा ‘मर्यादित’ होता. त्याच दिवशी मात्रेचा विचार करणाऱ्या तज्ज्ञ समितीने जुनी मर्यादा कायम ठेवली: वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ४० मिलिग्रॅम. ७० किलोच्या माणसासाठी २८०० मिलिग्रॅम; कॅनमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम धरले तर नऊ ते चौदा कॅन.

‘चौदा कॅन कोण पितो?’ असे म्हणून विषय तिथेच संपवला गेला. माझी हरकत इथे सुरू होते.

ही मर्यादा कशी ठरते ते पाहा. प्राण्यांवर ज्या मात्रेपर्यंत काहीच अपाय दिसला नाही ती घेतात, ॲस्पार्टेमसाठी किलोमागे ४००० मिलिग्रॅम, आणि तिला शंभराने भागतात. उरते ती आयुष्यभर रोज घेता येईल अशी मात्रा. एखाद्या दिवशी ओलांडली म्हणून काही होत नाही. पद्धत सावध आहे, तक्रार तिच्याविषयी नाही. पण ती शरीराच्या वजनावर चालते. १५ किलोच्या मुलाला ४० ने गुणले की ६०० मिलिग्रॅम येतात, म्हणजे दोन-तीन कॅन. सायक्लामेटचे गणित आणखी बोचरे आहे. अमेरिकेत १९७० पासून बंद असलेले हे स्वीटनर युरोपीय संघात चालते; मर्यादा किलोमागे ७ मिलिग्रॅम आणि पेयात लिटरमागे २५० मिलिग्रॅमपर्यंत परवानगी. त्याच मुलाची दिवसाची मर्यादा १०५ मिलिग्रॅम. पेयात परवानगीइतके सायक्लामेट असेल तर ४२० मिलिलिटरमध्ये ती संपते, सव्वा कॅनमध्ये. प्रत्यक्षात पेयात तेवढे असते का? बहुधा त्याहून कमी असेल, कारण ते सहसा दुसऱ्या स्वीटनरबरोबर मिसळून वापरतात. पण आई-बापांनी हे ‘बहुधा’ कशाच्या आधारावर धरायचे?

सगळे स्वीटनर एका शब्दात कोंबणे हीही चूकच. ॲस्पार्टेम आतड्यातच फुटून ॲस्पार्टिक ॲसिड, फिनिलॲलनिन आणि थोडे मिथेनॉल होते. मूळ रूपात ते रक्तात पोहोचतच नाही. फिनिलकीटोन्युरिया हा जन्मजात दोष असलेल्यांना फिनिलॲलनिन पचवता येत नाही, त्यांच्यासाठी ते खरोखर वर्ज्य. उष्णतेतही ते फुटते. उन्हात पडलेला डाएट कॅन फिका लागतो तो म्हणूनच, आणि टिकण्यासाठी त्याला ॲसिसल्फेमची जोड देतात. ॲसिसल्फेम रक्तात शिरून जसेच्या तसे लघवीतून बाहेर पडते. सुक्रालोज साखरेच्या सहाशे पट गोड. त्यातले बहुतांश शोषलेच जात नाही, थेट मोठ्या आतड्यापर्यंत जाते. (त्याचा शोध लंडनच्या प्रयोगशाळेतल्या शशिकांत फडणीस यांना १९७६ मध्ये लागला, ‘टेस्ट’ कर, म्हणजे चाचणी कर, असे म्हटलेले त्यांनी ‘टेस्ट’ म्हणजे चव घे असे ऐकले, ही कथा प्रसिद्ध आहे. मराठीत दोन्ही शब्द सारखेच लिहिले जातात, त्यामुळे चूक समजून घ्यायला आपल्याला वेळ लागू नये.) स्टेव्हियाचे रेणू आतड्यातले जीवाणू फोडतात. २०२२ मध्ये १२० निरोगी लोकांवर दोन आठवडे प्रयोग झाला, त्यात सॅकरिन आणि सुक्रालोज घेणाऱ्यांची ग्लुकोज हाताळण्याची क्षमता बिघडली. ॲस्पार्टेम आणि स्टेव्हियात तसे दिसले नाही. मात्रा ठरलेल्या मर्यादेच्या आत होत्या. एका प्रयोगावरून निकाल देऊ नये. पण अशा गोष्टी पुढे सिद्ध झाल्या तरी, कुणी किती सुक्रालोज प्यायले हे ना पिणाऱ्याला माहीत असेल ना संशोधकाला. लाखभर लोकांच्या आहार-नोंदींवर चालणारे अभ्यास इथेच लंगडे पडतात.

कराचा मुद्दा याला जोडूनच येतो. ब्रिटनने एप्रिल २०१८ पासून १०० मिलिलिटरमागे ५ ग्रॅम आणि ८ ग्रॅम अशा दोन पायऱ्यांवर कर लावला. दोन वर्षे आधी सांगून लावल्याने कंपन्यांनी वेळेत कृती बदलल्या, आणि अनेक पेये ५ ग्रॅमच्या किंचित खाली येऊन थांबली. साखर खरोखर घटली. हे यश आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण कमी झालेली गोडी स्वीटनरने भरून काढली. ‘डाएट’ न म्हणवणाऱ्या, ज्यांच्या नावात कसलाच इशारा नाही अशा पेयांत साखर आणि स्वीटनर दोन्ही आले. ज्याने आयुष्यात झिरो कॅन उचललेला नाही तोही आता स्वीटनर पितो.

याचा सर्वांत तातडीचा फटका वेगळ्याच लोकांना बसू शकतो. इन्सुलिन घेणाऱ्याची रक्तशर्करा अचानक उतरली की १५ ग्रॅम जलद साखर द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचे, हा नियम. नेहमीच्या कोलाचे १५० मिलिलिटर त्याला पुरतात; डाएट कोला दिला तर काहीच होत नाही आणि मौल्यवान मिनिटे जातात. ब्रिटनमध्ये ल्युकोझेड हे पेय यासाठी घरोघरी ठेवले जाई. २०१७ मध्ये त्यातली ग्लुकोजवर आधारलेली जलद कर्बोदके १०० मिलिलिटरमागे १७ ग्रॅमवरून ८.९ वर आली. पूर्वी ९० मिलिलिटर पुरत असे, आता १७० लागतात. चव जवळपास तीच ठेवलेली, त्यामुळे जिभेला बदल कळणे अवघड. हा आकडा छापलेला होता म्हणून निदान सावध करता आले.

दातांपुढे मात्र कर आणि झिरो दोन्ही हतबल आहेत. इनॅमल साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळू लागते आणि कोला अडीचच्या आसपास असतो. डाएट कोला तीनच्या आसपास. साखर नसल्याने किडीच्या जीवाणूंना खाद्य मिळत नाही हे खरे, पण आम्लाची झीज चालूच राहते, आणि लिंबाच्या चवीची पेये तर सायट्रिक ॲसिडमुळे कॅल्शियम ओढून नेतात. प्यायचेच असेल तर जेवणाबरोबर, एका दमात, शक्यतो स्ट्रॉने. तासभर घोट-घोट घेणे सर्वांत वाईट, कारण लाळ सावरायच्या आत पुढचा घोट येतो. नंतर पाण्याने चूळ भरावी आणि अर्धा तास तरी ब्रश लावू नये. मऊ पडलेले इनॅमल ब्रशने खरवडून निघते.

आता मिलिग्रॅम छापण्यावरचे आक्षेप. पहिला: कृती हे व्यापारी गुपित. प्रतिस्पर्धी कंपनीच्या प्रयोगशाळेत एचपीएलसी यंत्र असते; बाटलीत कोणते स्वीटनर किती हे ते काही तासांत सांगते. दुसरा: लोक आकडे पाहून घाबरतील. उलट, ७० किलोच्या माणसाला १०० मिलिलिटरमागे २४ मिलिग्रॅम ॲस्पार्टेम दिसले आणि त्याची मर्यादा २८०० आहे हे माहीत असले, तर २०२३ सारखी घबराट झाली नसती. तिसरा: आकडे कुणी वाचत नाही. मग साखरेचे कशाला छापता?

नवीन काही शोधायची गरजही नाही. युरोपीय संघात लिटरला १५० मिलिग्रॅमहून जास्त कॅफिन असलेल्या पेयांवर (चहा-कॉफी सोडून) ‘मुले, गर्भवती व स्तनदा मातांसाठी शिफारस नाही’ या इशाऱ्याबरोबर १०० मिलिलिटरमागे किती मिलिग्रॅम हे छापावेच लागते, आणि एनर्जी ड्रिंकच्या कंपन्या त्यामुळे बुडालेल्या नाहीत. मेक्सिकोने २०२० पासून स्वीटनर असलेल्या वेष्टनांवर ‘मुलांसाठी शिफारस नाही’ असे लिहायला लावले. दिशा बरोबर, पण इशारा म्हणजे आकडा नव्हे. साखरेच्या ओळीखालीच एक ओळ हवी: ‘ॲस्पार्टेम २४ मिग्रॅ, ॲसिसल्फेम पोटॅशियम १५ मिग्रॅ, १०० मिलीमागे, या कॅनमध्ये ७९ व ५०’. नाव पूर्ण, नुसता क्रमांक नको. अक्षरे साखरेच्या आकड्याएवढी. आणि साखर किंवा स्वीटनर यांपैकी काहीही बदलले तर पुढचे सहा महिने कॅनच्या दर्शनी बाजूला जुना आणि नवा आकडा शेजारी शेजारी.